रेडोबा, पाय वर!

ओढ्याकाठी होती एक खेकडी. एवढुश्शी! तिचं नाव टिंगी.

एकदा काय झालं? वरून आला दगड. गडगड, गडगड, धप्प! टिंगीचं बीळ बंद.

आई आत. टिंगी बाहेर. टिंगीला रडूच आलं.

रडता रडता निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"हत्तीमामा, हत्तीमामा! आई मला भेटेना. दगड उचल ना!"

"सभेनं सांगितलं तर उचलीन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. सभेत घुबडआजोबा.

"घुबडआजोबा, घुबडआजोबा! हत्ती दगड उचलेना. आई मला भेटेना. हत्तीला सांगा ना!"

"तुमच्या आमदारानं पाय वर केला तर सांगीन. कोण तुमचा आमदार?"

"रेडोबा. आम्हीच निवडून दिलाय!"

रेडोबाच्या खुर्चीवर नुसताच रुमाल.

"रुमाल आहे, म्हणजे रेडोबा हजर!" घुबडआजोबा म्हणाले.

"पण रुमालाला पाय कुठाय?"

"अरेच्चा! जा, रेडोबाला आण."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. रेडोबा चिखलात. अंगाखाली पोतं. घुर्रर्र फुस्स!

"रेडोबाकाका, रेडोबाकाका! सभा हत्तीला सांगेना. हत्ती दगड उचलेना. आई मला भेटेना. सभेला चला ना!"

रेडोबानं डोळासुद्धा उघडला नाही. "बगळ्यानं उठवलं तर येईन." घुर्रर्र फुस्स!

रेडोबाच्या पाठीवर बगळा.

"बगळेदादा, बगळेदादा! रेडोबा सभेला जाईना. सभा हत्तीला सांगेना. हत्ती दगड उचलेना. आई मला भेटेना. रेडोबाला उठव ना!"

"शूऽऽ! साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"साहेब तर घोरतायत!"

"घोरायचीच मीटिंग आहे. साहेबांनी सांगितलं तर साहेबांना उठवीन."

हात्तिच्या! आता मात्र टिंगी चिडली. तिनं नांगी उघडली. रेडोबाची शेपटी धरली.

कच्च!

"आई आई आई गंऽऽ!"

रेडोबा उठला. पोतं फुटलं. आत काय? गूळ! सगळ्या पोरांच्या खाऊचा गूळ!

"संपला म्हणाला होतात ना?" टिंगी ओरडली.

रेडोबा पळाला. धबड धबड! मागे शेपटीला टिंगी. थेट सभेत!

"रेडोबाकाका, पाय वर!"

"करतो ना, मग करतो!"

कच्च!

रेडोबाचा पाय वर झाला. सभेनं हत्तीला सांगितलं. हत्तीनं दगड उचलला. आई टिंगीला भेटली! आईनं टिंगीचे पटापट मुके घेतले.

पोरांनी गूळ खाल्ला. मचमच, मचमच.

आणि रेडोबा? रेडोबा आता रोज सभेला येतो. आधी खुर्चीखाली वाकून बघतो. मगच बसतो.