तीन भाकरींची वाट

फार पूर्वी डोंगरांमध्ये एक राज्य होतं. तिथले लोक अंतर कोसांत मोजत नसत, भाकरीत मोजत. जाऊन येईपर्यंत जितक्या भाकरी खाव्या लागतील, तितकी ती वाट लांब.

खोऱ्याच्या मधोमध जमिनीच्या नोंदींची कचेरी होती. कुठल्याही गावाहून एका भाकरीची वाट, राजधानीहून मात्र तीन भाकरींची.

एके दिवशी दिवाणानं राजापुढे कागद ठेवला. "महाराज, कचेरी राजधानीत आणू. भाडं, पहारा, दिवाबत्ती मिळून वर्षाला तीनशे मोहरा वाचतील!"

राज्याची एक रीत होती. मोजणीदारानं आकडा तपासल्याशिवाय राजाची मोहोर उठत नसे. मोजणीदार होती एक तरुण बाई, हिशेबाला पक्की आणि जिभेला तिखट.

दिवाण तिला बाजूला घेऊन म्हणाला, "'आकडा बरोबर' एवढंच लिही. कचेरी इकडे आली की तिची प्रमुख तूच."

तिनं तीनदा तपासलं. आकडा खरोखरच बरोबर होता. लिहिलं असतं तर खोटं ठरलं नसतं. पण कचेरीत येणाऱ्यांचं काय होईल, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं. ती उठली आणि पायी कचेरीकडे निघाली. दीड भाकरी संपली तेव्हा कुठे कचेरीच्या पायऱ्या दिसल्या.

पायरीवर एक म्हातारी भाकरी खात बसली होती.

"आजी, अर्धीच?"

"अर्धी परतताना. पुतण्यानं बांध सरकवलाय, त्याची नोंद करायला आले. तिन्हीसांजेला गाईची धार काढायची असते."

"कचेरी राजधानीत गेली तर?"

"मग बांध पुतण्याचा!" म्हातारी हसली. "तीन भाकऱ्या बांधून मुक्कामाला कोण जातंय? आणि गाईला काय सांगू, साहेब लांब गेलेत, तू दूध धरून ठेव?"

मोजणीदार सात दिवस तिथेच बसली. येईल त्याला गाव विचारलं, काम विचारलं. रिकाम्या खोल्याही मोजल्या. मग दरबारात परतली.

"काय, आकडा बरोबर ना?" दिवाणानं विचारलं.

"बरोबर आहे, दिवाणजी. पण अर्धा आहे. वर्षाला चार हजार माणसं कचेरीत येतात. प्रत्येकाला दोन भाकऱ्या जास्त लागतील, एका दिवसाची मजुरी बुडेल. हा खर्च वाचत नाही, महाराज. तो तुमच्या वहीतून उठून रयतेच्या फडक्यात बांधला जातो. आणि जी म्हातारी येणारच नाही, तिचा बांध कुठल्या रकान्यात लिहू?"

दिवाण खो खो हसला. "राज्य काय भाकरीवर चालतं?"

"दुसऱ्या कशावर चालतं, दिवाणजी?"

राजा म्हणाला, "पण तीनशे मोहरांचं काय?"

"कचेरीच्या बारा खोल्यांपैकी नऊ रिकाम्या आहेत. त्या सोडा, निम्मा खर्च आपोआप वाचेल. त्यासाठी कचेरी हलवायला नको."

राजानं दिवाणाचा कागद परत केला. कचेरी जागेवर राहिली. मोजणीदाराला प्रमुखपद मिळालं नाही, पण त्या दिवसापासून राज्याच्या प्रत्येक हुकमावर मोहरांशेजारी नवा रकाना आला: 'भाकरी किती?'

पुढे ती पुन्हा कचेरीत गेली, तेव्हा म्हातारी पायरीवरच होती. बांध जागेवर आला होता. तिनं फडकं सोडलं आणि भाकरी मोडली.

"घे बाई, अर्धी तुझी."

मोजणीदारानं ती दोन्ही हातांत घेतली. इतक्या ताठ मानेनं ती दरबारातही कधी उभी राहिली नव्हती.

तात्पर्य एवढंच: सरकारची बचत मोजताना ती कुणाच्या शिदोरीतून होते, हे आधी मोजावं.