गिधाडाच्या नजरेआडचे पुरण

एका राज्यात भर दुपारीही माणसे कुजबुजत बोलत. राजा वज्रसेनाने मांत्रिक काळकेतूचे सोन्याचे ताट लुटून आणले आणि त्याच दिवशी राजवाड्याच्या कळसावर एक मायावी गिधाड येऊन बसले. ज्या अन्नावर त्याची नजर पडे, त्यातले सत्त्व जळून जाई. लपून जेवणाऱ्यांचे ते डोळे फोडी. माणसे पोटभर जेवत आणि वाळत जात.

मांत्रिक म्हणाला होता, "या पक्ष्याचे पोट भरेल, त्या दिवशी शाप फिटेल." पण गिधाडाचा स्वतःचा घासही त्याच्याच नजरेने चोचीत जाण्याआधीच जळे.

राजाची स्वयंपाकीण भिवरा. तिची लेक मंजुळा अंथरुणावरून उठेनाशी झाली, तेव्हा भिवरा गिधाडाची नजर न पोचणाऱ्या तळघरात उतरली. तिने हरभऱ्याची डाळ शिजवली, गुळात आटवली, जायफळ घातले, पुरण वाटले. कणकेच्या पारीत भरून तीन उंडे घट्ट मिटले आणि ती चौकातल्या चुलीपाशी आली.

"पक्षीराज, तुमच्यासाठी पोळी करते."

"तीन करशील," गिधाड म्हणाले. "फसलीस, तर दगड होशील."

पहिली पोळी तव्यावर फुटली. पुरण दिसले, राख झाले. भिवराचे पाय गुडघ्यांपर्यंत दगड झाले.

दुसरी खरपूस भाजली. गिधाडाने खाली उतरून ती चोचीने टरकावली. आतल्या पुरणावर नजर पडताच त्याची राख झाली. तिचा डावा हात दगड झाला.

आता एका हाताने लाटायचे कसे? तिने हलकेच हाक मारली, "महाराज, पोळपाट धरा."

हाडांचा सापळा झालेला राजा सरपटत आला. त्याने पोळपाट छातीशी दाबून धरला. भिवराने पोळी लाटली, ती फुगली. वरून तूप पडले. तो वास चौकभर पसरला आणि गिधाड पुढे सरकून तिच्या तोंडाशी आले.

"चोच उघडा," भिवरा म्हणाली.

तिने पोळीची घडी मुठीत धरली आणि कोपरापर्यंत हात त्याच्या घशात घातला. चोच मिटू लागली. कातडी चिरली, रक्त आले. तिने मूठ उघडली, मगच हात ओढून घेतला.

गिधाड स्तब्ध झाले. डाळीचे बळ आणि गुळाची ऊब त्याच्या पोटात प्रथमच पोचली.

"पुरे," ते म्हणाले. त्याने डोळे मिटले आणि ते धूर होऊन विरले.

भिवराच्या पायांत रक्त फिरले, डावा हात हलला. राजा स्वतः ते लुटलेले ताट घेऊन अनवाणी मांत्रिकाकडे निघाला. भिवराने त्याला निरोपही दिला नाही. ती पुन्हा कणीक भिजवत होती. आतून मंजुळा ओरडली, "आई, मला भूक लागलीय!"

त्या राज्यात फार दिवसांनी कोणीतरी मोठ्याने बोलले होते.