न मोजलेले हात

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की ते खोरं कुठे होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही.

खोऱ्यात पाच गावं होती आणि वर माळावर मेंढपाळांची वस्ती होती. राजा नव्हता. गावागावाची बोली निराळी, देव निराळे, भाकरीचं पीठसुद्धा निराळं. पण नदीवरचा बंधारा सगळ्यांचा मिळून एकच होता. दर उन्हाळ्यात त्याच्या दुरुस्तीला जो दगड वाहून आणी, तो खोरेकर. खोरेकराला सभेत हात वर करायचा हक्क होता. याहून जास्त कुणी कुणाला विचारत नसे.

सभेत हात मोजायचं काम वरच्या गावच्या आक्काकडे होतं. ती रांगेरांगेतून चालत जाई, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून मोजी आणि मग आकडा सांगे. तो आकडा कुणी पुन्हा विचारत नसे. एकदा निकाल तिच्याच गावाच्या विरुद्ध गेला आणि गावाची चराईची जमीन गेली. तेव्हा गावातला एक म्हातारा काठी टेकत उठून म्हणाला, "हरलो खरं. पण घरच्यांकडूनच हरलो." दुसऱ्या दिवशी सगळं गाव नेहमीसारखं बंधाऱ्यावर हजर होतं.

मग एका वर्षी भादव्यातच पावसानं पाठ फिरवली. बंधाऱ्यात पाणी थोडं उरलं. वरच्या गावाचं भात पोटरीत आलं होतं, आणि खालच्या गावाची गुरं तहानेनं माना टाकत होती. खालच्या पाटाला आठ दिवस पाणी सोडायचं की नाही, हे सभेत ठरणार होतं.

सभेच्या दिवशी सकाळी वरच्या गावचा मुखिया आक्काच्या ओसरीवर येऊन बसला.

"आक्का, मेंढपाळ खालच्यांच्या बाजूनं हात वर करणार. वर्षातले चार महिने ते डोंगरापलीकडे असतात. ते खरे खोरेकर कसे?"

"दगड आणतात की ते."

"दगड गाढवंही आणतात," मुखिया म्हणाला. "मी काही खोटं बोल म्हणत नाही. खऱ्या खोरेकरांचेच हात मोज, एवढंच म्हणतो."

आक्कानं दारातून आपल्या शेताकडे पाहिलं. भाताची पानं सुरळी होऊन वळत होती.

सभेत ती मोजत मोजत शेवटच्या रांगेपाशी आली. तिथे एकतीस मेंढपाळ हात वर करून उभे होते. आक्काची नजर खाली गेली. ती तशीच मागे वळली आणि तिनं सांगितलं, "पाणी सोडायचं नाही."

सभा पांगल्यावर मेंढपाळांची म्होरकी मायव्वा तिला आडवी आली. आक्काची लेक बाळंतपणात अडली होती तेव्हा याच मायव्वानं तिला सोडवलं होतं.

"आक्का, माझा हात दिसला नाही व्हय तुला?"

"दिसला."

"मग?"

"तुम्ही आज इथं, उद्या तिथं. आमचा जीव मात्र याच मातीत अडकलाय."

"तुझं भात पिकू दे," एवढंच मायव्वा म्हणाली आणि निघून गेली.

भात पिकलं. खालच्या गावाची निम्मी गुरं मेली.

पुढच्या उन्हाळ्यात मेंढपाळ बंधाऱ्यावर आले नाहीत. खालचं गावही आलं नाही. "आकडा तुमचा, बंधाराही तुमचाच," असा निरोप त्यांनी धाडला. मग मुखियानं सभेत विचारलं, की निराळ्या देवाला नारळ फोडणारे खरे खोरेकर कसे. त्यावर तिसरं गाव उठून गेलं. आपला देवही निराळाच आहे, हे चौथ्या गावाच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. जो तो आपापली सभा भरवू लागला आणि आपापले हात मोजू लागला. प्रत्येक सभेत निकाल एकमतानं लागे, आणि लोकांना त्याचा मोठा अभिमान वाटे.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या राजाची फौज घाटाच्या तोंडाशी आली. म्हातारपणात आक्का अनवाणी खालच्या गावापर्यंत धावली.

"फौज आलीय. सगळे मिळून घाट अडवू," तिनं हात जोडले.

एक बाई दारातच सुपानं धान्य पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. "कुणाचा घाट? तो तुमच्या गावाच्या डोक्यावर आहे."

"पण आपण सगळे खोरेकर ना गं?"

"ते तूच ठरवलंस ना, कोण आहे आणि कोण नाही," बाई म्हणाली आणि सुपातले खडे वेचत राहिली.

आक्का माळावर गेली. तिथे नुसत्या विझलेल्या चुली होत्या. मेंढपाळ कधीच डोंगर उतरून गेले होते.

फौजेनं सकाळी वरचं गाव घेतलं, दुपारी मधली तिन्ही आणि दिवस मावळायच्या आत खालचं. कुठेही लढाई अशी झालीच नाही. सेनापतीनं पाचही मुखियांना ओळीत उभं करून विचारलं, "या खोऱ्याच्या वतीनं कोण बोलणार?"

पाचही जण एकमेकांकडे बघत राहिले. सेनापती हसला. "आम्ही देश जिंकायला आलो होतो," तो म्हणाला. "इथं तर नुसती गावं निघाली."

त्या दिवसापासून बंधाऱ्याचं सगळं पाणी राजाच्या बागांना जाऊ लागलं. पाचही गावं वेठीला जुंपली गेली. आक्का पुढे बरीच वर्षं जगली. ओंजळभर पाण्यासाठीसुद्धा तिला पहारेकऱ्याचं तोंड बघावं लागे, आणि ती पाण्याला गेली की बाकीच्या बाया न बोलता बाजूला सरत.

तात्पर्य: ‘आपण’ या शब्दातून एकाला जरी वगळलं, तरी तो शब्द कुणाचाच उरत नाही.