तांबडी बसली अंड्यांवर

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. तिथल्या राजाकडे हत्ती दोनच होते, घोडेही बेताचेच. पण कोंबड्या मात्र अशा, की आसपासच्या सात राज्यांत तशा नव्हत्या. तीन कोंबड्या, तीन जातींच्या. एक पांढरी, समुद्राकडून आलेली. एवढासा जीव आणि केवढा तो लालभडक तुरा, एका अंगाला कलंडलेला. दुसरी काळी, रानातून आलेली. पिसं काळी, चोच काळी, पाय काळे, जीभसुद्धा काळी. आणि तिसरी तांबडी. उंच पाय, लांब मान, चालायची अशी की जणू हवालदार गस्तीला निघालाय. आणि भांडखोर, बरं का. तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. खुराड्यात एक कोंबडाही होता, पण नाव होतं ते या तिघींचं.

आता कोंबडी म्हटली की अंडी देणारच. पण यांची अंडी साधी नव्हती. पांढरीचं अंडं खाल्लं की रुसलेला माणूस खुदकन हसायचा. काळीचं खाल्लं की ताप उतरायचा. तांबडीचं खाल्लं की अडखळणारी जीभ सरळ चालायची. मग काय, रोज सकाळी राजवाड्याच्या दाराशी रांग. कुणाची सासू रुसलेली, कुणाचं पोर तापलेलं, कुणाचा नवरा तोतरा. राजा बिचारा सगळ्यांना अंडी द्यायचा, पण अंडी काही पुरायची नाहीत.

आणि कोंबडीचं कसं असतं, अंडी देता देता एक दिवस ती खुडूक होते. म्हणजे काय, तर अंडी बंद. पिसं फुलवून एका जागी बसून राहायचं, जवळ कुणी गेलं की कुरकुरायचं. तिला पिल्लं हवी असतात ना. पण राजाला हवी होती अंडी. मग खुराड्याचा मुकादम, धारोजी त्याचं नाव, तो खुडूक कोंबडी उचलायचा आणि दगडी डोणीतल्या गार पाण्यात बुडवायचा. एकदा, दोनदा, तीनदा. कोंबडी कुडकुडायची, खुडूकपणा विसरायची आणि थोड्या दिवसांत पुन्हा अंडी द्यायला लागायची.

असं एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. पिल्लू मात्र एकसुद्धा नाही.

मग एका पौर्णिमेला धारोजी राजासमोर तीन अंडी घेऊन उभा राहिला. "महाराज, ही शेवटची. आता या तिघी नुसत्या दाणे खाणार. उद्या रस्सा करून टाकू."

खुराडं झाडणारी मुलगी दाराआड उभी होती. तिचं नाव येसू. ही येसू कशी, तर पान पडलं तरी दचकायची. भांडं वाजलं तरी दचकायची. धारोजी मुद्दाम तिच्यामागे येऊन टाळी वाजवायचा आणि पोट धरून हसायचा. पण त्या तिघींना दाणे टाकणारी, त्यांच्या पायांना तेल लावणारी येसूच. रस्सा म्हटल्याबरोबर ती दाराआडून पुढे आली. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नको."

"कोण बोललं?" राजाने विचारलं.

"मी, महाराज. ही अंडी बसवून बघू. पिल्लं निघतील."

धारोजी म्हणाला, "महाराज, ही स्वतःच्या झाडूला घाबरते. ही काढणार पिल्लं."

राजाने दाढी खाजवली. "बरं पोरी. पुढच्या पौर्णिमेपर्यंत मुदत. पिल्लं निघाली तर कोंबड्या वाचल्या. नाही निघाली तर त्या मुदपाकखान्यात, आणि तू राजवाड्याबाहेर."

येसूने पाटीत गवत घातलं, त्यात तिन्ही अंडी ठेवली आणि वर पांढरीला बसवलं. पांढरी उठली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठली. तिला बसणं ठाऊकच नव्हतं. तीन दिवस असे गेले. मग काळीला बसवलं. काळी अर्धा दिवस बसायची, पण धारोजीची पावलं वाजली की फडफडत पळायची. आणखी चार दिवस गेले. उरली तांबडी. येसूने हात पुढे केला आणि तांबडीने असा टोचा मारला की रक्त आलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी येसू रडवेली होऊन म्हणाली, "का गं अशी टोचतेस?"

"भीती वाटते म्हणून," तांबडी म्हणाली.

हो, बोलली. त्या राज्यात कोंबड्या बोलायच्या, फक्त घाईतल्या माणसांना ऐकू यायचं नाही.

"सात वेळा मी बसले," तांबडी म्हणाली. "सातही वेळा मला डोणीत बुडवलं. आता बसावंसं वाटलं की आधी हुडहुडी भरते."

येसू 'घाबरू नकोस' असं म्हणाली नाही. लोक तिला दिवसातून दहा वेळा तसं म्हणायचे, त्याने काही होत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने पाटी उचलली आणि डोणीपासून लांब, मुदपाकखान्याच्या उबदार भिंतीला टेकून ठेवली. विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून गवतात कोळसा आणि लोखंडी खिळा खुपसला. वर बांबूचं डालगं पालथं घातलं, आत कसा छान अंधार. आणि मग स्वतः पाटीच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"तुला उचलायला कुणी आलं, तर आधी मला उचलावं लागेल," ती म्हणाली.

"तू तर पानाला दचकतेस," तांबडी म्हणाली.

"दचकेन. पण उठणार नाही."

तांबडीने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. मग एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, अंडी चोचीने पोटाखाली ओढली आणि बसली. ती भांडखोर तांबडी, बरं का. अशी बसली जणू गादीवर राणी.

मग पहिल्या आठवड्यात आल्या लाल मुंग्या. येसूच्या पायाला गुदगुल्या झाल्या, ती दचकली, म्हणून दिसल्या. तिने पाटीभोवती राखेची रेघ ओढली. दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी आलं मुंगूस. पहारेकरी कट्ट्यावर घोरत होते, धारोजी जांभया देत होता. वाळकं पान कुठे जरासं वाजलं आणि येसू टुणकन दचकली. झाडू फेकला, मुंगूस पसार. तिसऱ्या आठवड्यात वळवाचं आभाळ असं गडाडलं की घोडे खिंकाळले. येसूने कान घट्ट दाबले, डोळे मिटले, पण मांडी सोडली नाही. डालग्यात तांबडी अर्धी उठली होती. तिने फटीतून बघितलं. येसूची पाठ जागच्या जागीच होती. मग तीही खाली बसली.

आणि पौर्णिमा उजाडली. धारोजी राजाला घेऊन आला. "महाराज, मुदत संपली. अंडी नासली आहेत. फोडून बघा."

आता हिशेब बघा. दहा दिवस बसवाबसवीत गेले होते. अंड्यांचे झाले होते एकोणीस, आणि पिल्लाला लागतात एकवीस. येसू म्हणाली, "फोडू नका. मला घंगाळभर कोमट पाणी द्या."

पाणी आलं. तिने तांबडीला विचारून तिन्ही अंडी काढली आणि अलगद पाण्यावर सोडली. सगळे वाकून बघू लागले. अंडी तरंगली आणि स्वस्थ राहिली. धारोजीने घसा खाकरला. तेवढ्यात पांढरीचं अंडं जरासं हललं. मग काळीचं डुललं. मग तांबडीचं तर असं डुललं की पाण्यावर गोल गोल रेघा उठल्या.

"आत कोण आहे?" राजाने हळूच विचारलं.

"पिल्लं, महाराज. अजून दोन दिवस झोपतील."

"मग लवकर पुसून ठेव. गारठतील," राजा म्हणाला, आणि दोन दिवस तिथेच पाटावर बसून राहिला. राज्यकारभार, जेवण, सगळं तिथेच. एकविसाव्या दिवशी सकाळी आतून टिकटिक झाली. कवचाला बारीक भोक पडलं, मग तडा गेला. दुपारपर्यंत तांबडीच्या पंखांतून तीन डोकी बाहेर आली. एक पांढरं, एक काळं, एक तांबडं. राजाने कौतुकाने बोट पुढे केलं, तर तांबडीने कचकन टोचलं. राजा बोट चोखत राहिला आणि अंडं न खाताच हसला.

मग राजाने दवंडी पिटवली, की खुडूक कोंबडीला कुणी पाण्यात बुडवायचं नाही. ती बसेल तर बसू द्यायचं. येसू खुराड्याची मालकीण झाली. धारोजीला काम मिळालं पिल्लांसाठी वाळवी गोळा करायचं, तेही तिला विचारून. पिल्लं मोठी झाली, त्यांची पिल्लं झाली, आणि गावागावांत एकेक जोडी गेली. मग राजवाड्यापुढची रांग सरली, कारण घरोघरी अंडी होती. आणि त्या तीन म्हाताऱ्या? त्या अंडी देईनात, तरी ऊन खात, धुळीत लोळत, खूप खूप वर्षं जगल्या.

झालं. पिल्लं पंखाखाली शिरली की त्यांची चिवचिव थांबते, बरं का. आता तुम्हीपण शिरा गोधडीत, आणि मिटा बघू डोळे.