टिटवी सभेतून उठेना

बाळांनो, डोंगरावरचं जंगल होतं वाघाचं आणि पायथ्याचं बिबट्याचं. दोघांच्या शिवेवर, जांभळाखाली, दोन्हीकडच्या प्राण्यांची एक सभा भरत असे. सभेने फक्त सल्ला द्यायचा. मानायचा की नाही, ते राजांनी ठरवायचं. त्यामुळे सल्ले ढीगभर दिले जात आणि पाचोळ्यासारखे तिथेच पडून राहत.

एका उन्हाळ्यात वाघाला डुंबायला डोह हवा झाला. त्याने ओढ्यात दगड टाकून पाणी अडवलं. खाली बिबट्याच्या जंगलातलं तळं आटू लागलं. तळ्याकाठी टिटवीची पिल्लं होती, अजून पंख न फुटलेली. ती दुसऱ्या पाण्यावर जाणार कशी? टिटवी सभासद होती. पिल्लांपाशी त्यांच्या बापाला बसवून ती सभेत आली आणि कडाडली, "दगड काढा! माझी पिल्लं मरतील!" सभेने एकमुखाने तसा सल्ला दिला. वाघाने मोठी जांभई दिली. "ऐकलं. विचार करू." बिबट्या गप्पच, शेजाऱ्याशी वाकडं कोण घेणार! सभापती कोल्हा म्हणाला, "सभा संपली. उठा."

सगळे उठले. टिटवी मात्र ढिम्म! "दगड निघाल्याशिवाय मी नाही उठायची," ती म्हणाली. कोल्ह्याला घामच फुटला. कारण राजांनीच घालून दिलेला रिवाज होता, की शेवटचा सभासद उठेपर्यंत दोन्ही जंगलांत शिकार बंद. नाहीतर हरणं-ससे सभेला येतील कशाला? वाघ गुरगुरला, "ए टिटवे, ऊठ मुकाट्याने!"

"नाही उठत, जा! पंजा उगारून तर बघा. मग कोण येतंय तुमच्या सभेला!"

हे ऐकून हरणंही परत खाली बसली. मग ससे बसले.

संध्याकाळ झाली, दुसरी सकाळ उजाडली. वाघाचं पोट खपाटीला गेलं. बिबट्याला तर भुकेने भोवळ आली, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. "अहो वाघोबा, काढा ना ते दगड! तुमच्या डुंबण्यापायी मी का उपाशी मरू?" वाघाने चरफडत दगड बाजूला ढकलले. पाणी खळाळत खाली धावलं.

"झालं समाधान?" वाघ म्हणाला. "पण सभेने नुसता सल्ला द्यायचा असतो, हे विसरू नकोस!"

"नाही विसरले, महाराज," टिटवी म्हणाली. "सल्ला मानायचा की नाही, हे तुमच्या हातात. उठायचं की नाही, हे माझ्या." आणि ती पिल्लांकडे उडाली.

तात्पर्य : ज्याच्या हाती फक्त बोलणं आहे, त्याने बोलून मुकाट घरी जाऊ नये, दाद लागेपर्यंत जागा सोडू नये.