अस्वलाची पितळी वजने

साग आणि मोहाची दाटी असलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. जंगलाच्या बाजारातले प्रत्येक माप तपासून द्यायचे काम त्याच्याकडे होते. त्यासाठी त्याच्यापाशी पितळी वजने होती. कोणाही व्यापाऱ्याचे वजन त्या वजनांशी तोलून बरोबर भरले, तरच त्याला बाजारात बसता येई. दर बाजाराच्या सकाळी अस्वल ती वजने चिंच आणि राख लावून घासघासून लखलखीत करी. येणारेजाणारे थांबून बघत, आणि अस्वलाची छाती फुगे.

मुलांनो, त्या वर्षी जंगलाची मुखिया असलेल्या हत्तिणीने नवे प्रमाण ठरवले. नदीच्या अलीकडे एक माप आणि पलीकडे दुसरे, असे यापुढे चालणार नव्हते. तिने एक मूळ वजन करवून घेतले आणि त्याच्याशी जुळवलेली लोखंडी वजने अस्वलाकडे पाठवली. यापुढे याच वजनांनी तपासणी करावी आणि जुनी पितळी वजने बाजूला ठेवावीत, असा तिचा निरोप होता. अस्वलाने ती वजने हातात घेऊन पाहिली. काळी, ओबडधोबड, तेलाने चिकट झालेली. असली वजने पुढ्यात मांडून बसायचे त्याच्या जिवावर आले. आपली वजने इतकी वर्षे चालली, तीच चालू द्यावीत, असे त्याने मनाशी ठरवले आणि नवी वजने झाडाच्या ढोलीत टाकून दिली.

बाजारात एक काटेरी साळू, म्हणजे साळिंदर, मीठ देऊन मोहफुले आणि हिरडे विकत घेत असे. नव्या प्रमाणाची बातमी कळताच ती डोंगर चढून हत्तिणीकडे गेली होती आणि आपली वजने मूळ वजनाशी जुळवून आली होती. अस्वलाने तिचे वजन एका पारड्यात आणि आपले दुसऱ्यात ठेवले, तेव्हा साळूचे पारडे खाली गेले. साळू जड मापाने गोरगरिबांचा माल जास्त घेते, असे अस्वलाने भर बाजारात सांगितले.

साळू शांतपणे म्हणाली, "अस्वलदादा, तुमच्याकडे नवी वजनं आली आहेत. त्यांच्याशी एकदा ताडून पाहा, मग काय ते बोला."

अस्वलाच्या मनात शंका चमकून गेली. ढोली चार पावलांवर होती. पण सगळा बाजार बघत होता, आणि आपले वजन खोटे निघाले तर काय, या भीतीने ते जागचे हलले नाही. "माझ्या वजनांवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही," एवढेच ते म्हणाले, आणि त्याने साळूचा तराजू उतरवायला लावला. मोहफुले वेचणाऱ्या खारी तिच्याकडे पाठ फिरवून निघून गेल्या. साळूने मिठाची गोणी पाठीवर घेतली आणि ती पलीकडच्या डोंगरावर राहायला गेली.

पावसाळा लागला. बाजारातून नीट मोजून नेलेली नाचणी सशांना आणि उंदरांना पुरेना. सगळे एकमेकांवर संशय घेऊ लागले. एका सकाळी अस्वल वजने घासत असताना खाली ठेवलेल्या पानावरच्या चिंचेच्या पाण्यात पितळेचा पिवळा कीस त्याला दिसला. आज पहिल्यांदाच त्याने ते पाणी निरखून पाहिले. घासण्याबरोबर पितळच झिजून निघत होते. त्याने ढोलीतले लोखंडी वजन काढले आणि दोन्ही तोलली. पितळी वजनाचे पारडे वर गेले.

आसपास कोणी नव्हते. अस्वलाने पितळी वजने पुरून टाकली, लोखंडी वजने मांडली आणि नियम बदलला आहे असे सांगून सगळ्या व्यापाऱ्यांना वजने बदलायला लावली. नाचणी पुरू लागली, बाजार सुरळीत चालला. कोणी काही विचारले नाही. पण एकदा खारीची पिल्ले खेळताना एकमेकांना 'साळू, साळू, जड मापाची' असे चिडवताना त्याने ऐकले. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी ते पलीकडच्या डोंगरावर गेले. साळूच्या बिळापाशी खाली मान घालून त्याने सगळे सांगितले आणि माफी मागितली.

साळूने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "इथे आपण दोघंच आहोत. आळ तुम्ही बाजारात घेतला होतात."

पुढच्या बाजारी अस्वल पुरलेली पितळी वजने उकरून घेऊन आले. त्याने सगळ्यांना जवळ बोलावले आणि सर्वांदेखत ती लोखंडी वजनांशी तोलून दाखवली. "साळूचं माप खरं होतं, माझं खोटं होतं," ते म्हणाले. "तुमची नाचणी कमी भरली ती माझ्यामुळे. तेव्हाच मला शंका आली होती, आणि तरीही मी ढोलीपर्यंत जाणं टाळलं." त्याच्या वजनांचे कौतुक करणारे सगळे समोर उभे होते. त्यांच्या नजरेला नजर द्यायचे त्याला धैर्य झाले नाही. एक म्हातारा ससा पाठ फिरवून निघून गेला.

काही दिवसांनी साळू परत आली आणि आपल्या जागी तराजू टांगून बसली. खारी ओशाळून मोहफुले घेऊन आल्या. तपासणीची वेळ झाली, तेव्हा साळूने आपले वजन अस्वलासमोर ठेवले. अस्वलाने त्याला हात लावण्याआधी हत्तिणीकडून आधीच मागवून ठेवलेले मूळ वजन पुढे घेतले आणि आपले वजन त्याच्याशी तोलून तिला दाखवले. साळूने मान हलवली, पण ती हसली नाही. आणि तिने हसावे अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क नाही, हे अस्वलाला पुरते कळले होते.

तात्पर्य : दुसऱ्याचे माप तपासणाऱ्याने आधी आपले तपासावे, आणि चारचौघांत केलेल्या अन्यायाची कबुलीही चारचौघांतच द्यावी.