वळचणीचा तुंबा

“सांगा बाबा, माझ्या पाहुणचारात काही कमी आहे का?”

अंजुलोनं विचारलं खरं, पण उत्तर त्यानं आधीच धरून ठेवलं होतं. दक्षिण इथिओपियाच्या त्या गार डोंगरांत आपल्यासारखा यजमान नाही, हे तो स्वतःच सांगत फिरायचा! उद्या त्याला गावचा प्रमुख नेमायचं होतं. त्याआधी त्याच्या घरी पाहुणा म्हणून येऊन, घोटभर पिऊन गुरूंनी आशीर्वाद द्यायचा, अशी तिथली चाल. म्हणून म्हातारे गुरू मालाबो आले होते.

“पलीकडच्या डोंगरावरचे, वेगळ्या बोलीचे, वेगळ्या देवाचे... सगळे माझ्या चुलीपाशी बसतात, बाबा. माझ्या दारातून कुणी उपाशी जात नाही.”

मालाबो दाराबाहेर बघत होते.

बाहेर धुक्यात दालते कुंभारीण बसली होती. मडकी द्यायला आली होती. तिच्या जातीनं उंबरा ओलांडायचा नाही. तिला प्यायला वळचणीला वाळक्या भोपळ्याचा एक फुटका तुंबा टांगलेला असे.

आत तिच्याच हातच्या मडक्यात कॉफीच्या पानांचा काढा उकळत होता, आलं-मिरची घातलेला. मडकं चुलीवर चालतं, बाई उंबऱ्यात चालत नाही. धन्य हो!

अंजुलो काढा ओतू लागला.

“मला त्या तुंब्यात दे,” मालाबो म्हणाले.

“बाबा... तो तिचा आहे.”

“ठाऊक आहे.”

गुरू त्यातून प्यायले की बाटले. बाटलेल्याचा आशीर्वाद गाव मानणार नाही. हातातोंडाशी आलेला घास गेलाच म्हणायचा!

तो तडक बाहेर गेला. तुंबा ओढला आणि दगडावर आपटला. ठिकऱ्या उडाल्या.

दालतेनं आपल्या वाट्याच्या काढ्यासाठी ओंजळ पुढे केली.

आता उकळता काढा ओंजळीत कसा ओतायचा? अंजुलो तसाच आत वळला.

“तुंबाच राहिला नाही, बाबा. आता चांगल्या वाटीत घ्या... आणि आशीर्वाद द्या.”

मालाबो काठी टेकत उठले. बाहेर जाऊन दालतेच्या शेजारी जमिनीवर बसले. ती घाबरून लांब सरकली. आपला विटाळ त्यांना होऊ नये म्हणून.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

“बाबा...” अंजुलो दारातूनच गयावया करू लागला, “आशीर्वाद?”

“तो पाहुण्यानं द्यायचा असतो, पोरा. तुझ्या घरी अजून पाहुणा आलाच कुठे?”